चिखल्याच्या सुरूंखाली थांबलेली रिक्षा

घरी बसून हिरव्या शहरांवरचे लेख वाचून कंटाळले आणि डहाणूची गाडी पकडली. धूर न सोडणाऱ्या वाहनावर लहान शहरातलं एखादं घर खरंच चालतं का, ते बघायचं होतं.

डहाणू रोड स्टेशनबाहेर रंजनाताई भेटल्या. त्यांची बॅटरीवरची रिक्षा मोबाइलवरच मंजूर झालेल्या कर्जातून आलेली. बँकेत खेटे नाहीत, जामीन नाही. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. घोलवडला जायचं तर नरपडवरून किनाऱ्याचा रस्ता धरा, भाडं मात्र आधी ठरवा. रिक्षा इतकी शांत, की लाटा ऐकू येतात.

घोलवडला एका चिकूच्या बागेत जेवले. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी, झकास! बागेच्या मालकाच्या, शेठच्या, चिकूच्या पेट्या रोज दुपारी रंजनाताई डहाणू स्टेशनवर नेतात, पुढे माल रेल्वेने मुंबईच्या बाजारात. या एका फेरीवरच त्यांना रिक्षा परवडते. परतताना मी पेट्यांशेजारी अंग चोरून बसले. वाटेत चिखले गावाच्या किनाऱ्याला सुरूची रांग दिसली आणि मला राहवलं नाही.

"ताई, जरा थांबता? एक फोटो घेते."

फोटो झाला, पण रिक्षा काही सुरू होईना. पडद्यावर लाल अक्षरं आली: हप्ता थकल्याने वाहन बंद. कर्ज देणाऱ्या कंपनीने लांबूनच कुलूप घातलं होतं; चालत्या रिक्षाला ते लागत नाही, ती बंद केली की लागतं.

"पैसे तर कालच कापले! हा बघा ना मेसेज," रंजनाताई मला मोबाइल दाखवत होत्या, जणू मीच कंपनी. पैसे खात्यातून गेले होते, पण कंपनीकडे जमा दिसत नव्हते. हेल्पलाइनवर ध्वनिमुद्रित बाई एकच वाक्य घोळवत होती. शेवटी एका डिझेल टेम्पोला हात केला, पेट्या चढवल्या. स्टेशनवर पोचलो तोवर गाडी गेली होती.

शेठचा फोन आला. "रंजनाबेन, तुमचा वांक नाय, तुमची काय चूक? पण पिकलेला माल बगडला ने. उद्यापासून टेम्पोच लावतो."

"बरं शेठ," एवढंच त्या म्हणाल्या. मला त्या फोटोची लाज वाटली. मी थांबवलं नसतं, तर निदान त्या दिवशीचा माल पोचला असता.

दुसऱ्या दिवशी चारोटीहून शेअर गाडीने तलासरी गाठली. अच्छाडच्या ढाब्यावर दाल-भात स्वस्त आणि गरम मिळतो. समोर ट्रकांची रांग धूर ओकत होती, माझं मन मात्र चिखल्यालाच अडकलेलं.

घरी येऊन आठवडा झाला. माझे पैसे मोबाइलवर अडकले, तर मी चरफडते आणि विसरते. रंजनाताईंचं चाक थांबलं आणि काम गेलं. काल त्यांना फोन केला.

"कुलूप दुसऱ्याच दिवशी निघालं, ताई. माफीचा मेसेजपण आला. पण मीच रिक्षा परत दिली. आता भावाची जुनी डिझेलची चालवते."

"आणि धूर?"

"लय आहे. पण चावी माझ्याकडे आहे."