वासंतीबाईंच्या तेवीस कुंड्या

निम्मे वाल सोलून झाले होते आणि निम्मे पातेल्यात तरंगत होते, तेवढ्यात श्यामसुंदररावांनी पेपरातून डोकं न काढता सांगितलं, की रविवारी सकाळी देवीच्या देवळातले गुरव टेंपो घेऊन येतायत. गच्चीवरच्या कुंड्या देवळात जातील.

वासंतीबाईंच्या हातातला वाल सालीसकट सोललेल्या डाळिंब्यांत पडला.

"सगळ्या?"

"तेवीसच्या तेवीस. तूच म्हणतेस ना, देवाची झाडं. देवाकडे चाललीत. तुला आनंद व्हायला हवा."

वर्षानुवर्षं त्याच तसं म्हणत आल्या होत्या.

हडपसरच्या त्या सोसायटीत लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंत येते, गच्चीला पुढे वीस पायऱ्या चढाव्या लागतात. फेब्रुवारीत डॉक्टरांनी वासंतीबाईंचे गुडघे दाबून पाहिले आणि पायऱ्या बंद म्हणून सांगितलं. त्याआधी सोळा वर्षं रोज पहाटे अंघोळ करून, ओल्या केसांना पंचा गुंडाळून बाई वर जात. तोंडाने जप, हाताने पाणी घालणं, आणि येताना भरलेली परडी. जास्वंद, तगर, मोगरा, अनंत, गोकर्ण, जुन्या टबात दूर्वा. घरातल्या कुणाची तिथे हात लावायची टाप नव्हती. अंघोळ झाली का? चपला कुठे काढल्या? आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे देवाला वाहायचं फूल आधी हुंगायचं नाही. नात तनया चार वर्षांची असताना तिने मोगऱ्यात नाक खुपसलं, तेव्हा आजी अशा काही ओरडल्या की पोर खाली पळाली ती पुन्हा गच्चीवर फिरकलीच नाही. आता ती नऊ वर्षांची आहे.

पायऱ्या बंद झाल्यावर बाईंनी पाणी घालायचं घरच्यांवर सोपवलं. माणसं सगळी आज्ञाधारक. मागच्या बुधवारी सकाळी श्यामसुंदररावांनी पाणी घातलं, ऑफिसला निघताना सून वल्लरीने घातलं आणि खराडीच्या ऑफिसातून परत आल्यावर मुलगा केदारही घालून आला. दूर्वांच्या टबात बेडूक तेवढे यायचे राहिले. पुढचे तीन दिवस मात्र प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्याने घातलंच असेल. मार्चचं ऊन ते. अनंत वाळला, तगरीने माना टाकल्या, आणि श्यामसुंदररावांनी गुरवांना फोन लावला.

दुपारी तनया शाळेतून आली आणि वाल सोलायला बसली. चिमटीत दाबला की दाणा उडतो, म्हणून तिला ते काम आवडतं. बाईंनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुला गं का नाही आवडत झाडं?

"आवडतात ना. शाळेत मी कोथिंबीर लावलीय. ती माझी आहे. वरची देवाची आहेत."

तक्रार नाही, रुसवा नाही. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं सांगून ती पुढचा वाल उडवायला लागली. बाईंना मात्र पुढचे चार वाल सोलायला बराच वेळ लागला.

दिवेलागणीला देवासमोर त्या जरा जास्तच उभ्या राहिल्या. देवाशी त्यांचं बोलणं तसं मोकळंच असतं. त्यांनी सांगून टाकलं, की रागावू नकोस, पण तुझी झाडं मी वाटून टाकतेय.

जेवताना त्यांनी जाहीर केलं. तुळस आणि दूर्वा त्यांच्या, ती दोन्ही खाली गॅलरीत आणून द्यायची. बाकी कुंड्या ज्याने त्याने निवडायच्या. निवडली की ती त्याची. हुंगा, तोडा, खा, वाळलं असेल ते उपटून हवं ते लावा. बाई विचारणार नाहीत. पाणी तेवढं ज्याचं त्याने घालायचं.

"आणि अंघोळ?" श्यामसुंदररावांनी विचारलं.

"न करता गेलात तरी चालेल."

केदारने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला. श्यामसुंदरराव म्हणाले, ठीक आहे, शनिवारी बघू काय उत्साह टिकतो तो. गुरवांना दिलेला शब्द काही त्यांनी मागे घेतला नाही.

शनिवारी संध्याकाळी चौघं वर गेली. बाईंनी स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला होता आणि वल्लरीने वरून व्हिडिओ कॉल लावला होता. अनंताच्या कुंडीत केदार टोमॅटोची रोपं लावत होता आणि हा आपला सॅलड सेक्शन असं सगळ्यांना सांगत होता. श्यामसुंदरराव बनियनवर उकिडवे बसून मिरचीचं बी पेरत होते. बँकेत चौतीस वर्षं ज्यांनी शर्टाची घडी मोडू दिली नाही, त्यांच्या कोपरापर्यंत माती. बाई म्हणाल्या, अगं, तगर जरा वरून छाट, आणि मोगऱ्याची कुंडी सावलीत...

"आई, ठेवते हं आता. हात मातीचे आहेत," वल्लरी म्हणाली आणि फोन बंद झाला.

मग दीड तास कुणी खाली आलं नाही. डाळिंब्यांची उसळ दोनदा गरम झाली. जिन्यातून नळीच्या पाण्याचा आवाज येत होता, केदार भिजल्याचं कळत होतं, आणि तनया खदाखदा हसत होती. बाई जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गेल्या, कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

खाली आल्यावर चौघांच्या पावलांनी हॉलभर चिखल झाला. बाईंनी फडकं आणून दाराशी टाकलं. तनयाने बातमी दिली, की फुलांच्या सगळ्या कुंड्या तिने निवडल्यात, मोगऱ्याला अकरा कळ्या आहेत, एक उमललीय, पण ती तोडणार नाही. चार वेळा हुंगून झालंय, उद्या परत हुंगायचंय. श्यामसुंदररावांनी तिच्याकडून स्केचपेन मागून घेतलं आणि पुठ्ठ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं: "या झाडाची फुले हुंगण्यास हरकत नाही. तोडण्यापूर्वी मालकीणबाईंना विचारावे."

पण टेंपोबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. बाईंनीही विचारलं नाही. शब्द दिलेला माणूस.

रविवारी सात वाजता बाई सहाणेवर गंध उगाळत होत्या, तेव्हा टेबलावरचा फोन वाजला. गुरवांचा होता. श्यामसुंदरराव घरात नव्हते. न सांगता, चहासुद्धा न घेता वर गेले होते. तनया फोन घेऊन वर धावली. बाईंचा हात सहाणेवरच थांबला.

जिन्यातून त्यांचा आवाज खाली आला.

"नाही हो गुरव, नका येऊ... चुकलंच माझं, आधी कळवायला हवं होतं. पण आता सगळ्यांना मालक आहेत... मिरच्या माझ्या आहेत. देवीला काय मिरच्या वाहणार?"

बाईंनी गंध पुरतं उगाळलं. देवांना स्नान घातलं, गंध लावलं. तबकात तुळशीची पानं होती आणि दूर्वांची एक जुडी. फूल एकही नव्हतं. आता या घरात फुलासाठी नातीची परवानगी लागणार होती, आणि ती अजून हुंगत होती.

सोळा वर्षांत ही वेळ आली नव्हती. बाईंनी कापडी पिशवी घेतली, लिफ्टचं बटण दाबलं आणि कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून फुलपुडा आणायला निघाल्या.