नकाशात न बसलेली तुळस

ठाण्याच्या कचेरीत मी जमिनींचे नकाशे नकलून काढत असे. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनी सरळ रेषेत बसवणाऱ्या माणसाचं स्वतःचं अंगण वेडंवाकडं असावं, हे मला एका दसऱ्याला एकाएकी सहन होईना.

पावसाळा सरला की सगळेच अंगण नीट करतात. खड्डे बुजवतात, माती चोपतात, शेणानं सारवतात. मी आधी नकाशा काढला. त्यात बसायला ओटा होता, झेंडूच्या दोन रांगा होत्या आणि उत्तर दिशा दाखवणारा बाण होता. बाणाची गरज नव्हती, पण तो मला चांगला काढता येई.

अडचण एकच होती. तुळशीवृंदावन मधोमध नव्हतं, हातभर डावीकडे होतं. त्यातली तुळस माझ्या पत्नीनं कल्याणहून, माहेराहून आणलेली. आगगाडीत ती रोपाची लोटी मांडीवर धरून बसली होती. त्याच वर्षी तिची आई गेली आणि पुढे त्या घरी कुणी तुळस राखली नाही. आईचं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

"वृंदावन आहे तिथंच असू द्यावं," ती म्हणाली.

"रेषेत बसत नाही," मी म्हणालो.

ती पुन्हा बोलली नाही. तिला पटलं, असं मी धरून चाललो.

मातीही मला साधी नको होती. खाडीकडे मिठागरांचे वाफे कसे आरशासारखे सपाट असतात, ते मी जाता-येता पाहिलं होतं. तिथलीच चिकणमाती मागवली. गाडीवान पिढीजात मिठागरात राबणारा. पहिली पाटी ओतण्याआधी तो थांबला.

"भाऊ, ही माती मिठाची हाय. हिच्यात गवत पन नाय होत."

"गवत होऊ नये म्हणूनच आणवली," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या माझ्या पत्नीकडे पाहिलं आणि पाटी ओतली.

अंगण खरोखर देखणं झालं. वृंदावन मधोमध आलं. रंग सारखा दिसावा म्हणून त्यातही मी तीच माती भरवली आणि तुळस पुन्हा लावली. आठवड्याभरात जमिनीवर पांढरी साय धरली. शेजारी विचारू लागले, चुना दिलात का? मी नाही म्हणालो नाही.

झेंडू आधी गेला. ते मी मनावर घेतलं नाही. मग तुळशीची पानं गळू लागली. पत्नी रोज न्हाऊन तिला पाणी घाली आणि मी ओट्यावरून, थंडीनं होत असेल, असं सांगे. थंडी अजून पडायची होती. कार्तिकात तुळशीचं लग्न तोंडावर आलं, आणि नवरीची काडी झालेली.

लग्नाच्या दिवशी सकाळी मला राहवेना. "तुझ्या आईची तुळस मी मारली," मी म्हणालो. एवढं एक वाक्य मला पंधरा दिवस जमलं नव्हतं.

ती परसात गेली आणि न्हाणीमागून एक फुटकी घागर घेऊन आली. तीत वीतभर तुळस होती, हिरवीगार. गाडीवानाचं बोलणं ऐकून, त्याच दिवशी, जुन्या तुळशीच्या बुडाशी उगवलेलं रोप तिनं जुन्या मातीसकट काढून ठेवलं होतं.

मला हायसं वाटलं आणि रागही आला. "मग त्या वाळक्या काडीला रोज पाणी कशाला घालत होतीस?"

"इकडे वाईट वाटू नये म्हणून," ती म्हणाली. "ही कुठं ठेवू?"

मी जुन्या जागेकडे, हातभर डावीकडे, बोट दाखवलं.