नमुन्याप्रमाणे नाही

बारा मार्च, रविवार, दुपारी एक. ठरलेली रक्कम पाच हजार रुपये. हजर चौघे: आमच्या शेवगावच्या कॉलनीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक असलेले चिटणीस, खजिनदार म्हणून मी, आणि ज्याच्या पैशांचं बोलणं चाललं होतं तो पावा वाजवणारा म्हातारा धनगर.

कॉलनीच्या हॉलचं उद्घाटन त्या दिवशी होतं. अध्यक्षांची धान्याची अडत. आठवडाभर आधी त्यांनी म्हाताऱ्याकडून पाच मिनिटं वाजवून घेतलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि हेच वाजवायचं म्हणून बजावलं.

उद्घाटनाला भाषणं लांबली. आम्ही आधीच मांडून ठेवायला लावलेला पावा दीड तास स्टेजवर उन्हात पडून होता, तो तडकला. चीर शेवटच्या भोकापर्यंत गेलेली. म्हाताऱ्यानं पटक्यातली मेणाची गोळी काढली, चीर आणि भोक बुजवलं, घोंगडीचा दोरा ओढून वरून गुंडाळला. सहातली पाच भोकं उरली. मग गेलेल्या सुराला वळसा घालत तो वीस मिनिटं वाजवत राहिला. त्या सुराजवळ यायचा, थांबायचा, भलतीकडूनच वर चढायचा. जेवणाच्या रांगेतले लोक रिकामी ताटं धरून तसेच उभे. मला संगीतातलं कळत नाही, पण त्या वीस मिनिटांत मी घड्याळ पाहिलं नाही. एरवी दर पाच मिनिटांनी पाहतो.

नंतर आतल्या खोलीत अध्यक्षांनी मोबाईलवरचं ते रेकॉर्डिंग लावलं.

"बाबा, हे ठरलं होतं. ज्वारीचा नमुना दाखवून बाजरी उतरवली, तर पूर्ण पैसे कोण देईल?"

म्हातारा हसला. "शेट, येकच चाल दोनदा वाजवली तर माझी मेंढरं बी मान वर करीत न्हाईत. आन आज तर त्यो सूरच न्हवता."

"म्हणजे माल कमी होता, हे तुम्हीच सांगताय," असं म्हणून त्यांनी दोन हजार कापले.

याच गृहस्थांनी तासाभरापूर्वी भूमिपूजनाचं भाषण एक शब्द न बदलता पुन्हा केलं होतं. ते मात्र नमुन्याबरहुकूम.

मी विचारलं, पावा उन्हात आपण ठेवायला लावला, त्याची भरपाई? चिटणीस म्हणाले, ठरावात तसं काही नाही. तीन हजारांचं व्हाउचर मीच लिहिलं, सहीही माझीच. म्हाताऱ्यानं नोटा दोनदा मोजल्या आणि तडकलेला पावा घोंगडीत गुंडाळून निघून गेला. राग अध्यक्षांचा येतो तेवढाच त्या सहीचाही येतो.

यंदा हॉलला वर्ष झालं. म्हाताऱ्याला बोलावणं गेलं नाही. मोबाईलवरचा तो नमुना स्पीकरवर लावला, पाच मिनिटांचा, लागोपाठ चार वेळा. कुणी मान वर केली नाही. लोक जेवत होते, गप्पा मारत होते. व्हाउचर माझ्यापुढे आलं तेव्हा मी ते परत सरकवलं, मग चिटणिसांनी सही केली. दोन हजार रुपये रोख, स्पीकरवाल्याला.