अर्धी मशीन आमची

आमची कपडे धुण्याची मशीन बंद पडली तेव्हा आम्ही लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्लीत भाड्याने राहत होतो. मी शाळेत शिकवायची, हे पाटबंधारे खात्यात होते आणि सासूबाई आमच्याजवळ होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. किल्लारीच्या अलीकडचं त्यांचं गाव भूकंपात गेलं. नंतर सरकारने बांधून दिलेल्या नव्या गावात त्या काही वर्षं एकट्याच राहिल्या. गुडघे थकल्यावर आम्ही त्यांना घेऊन आलो.

मशीन दोन टबांची, साधी. एका टबात धुवायचं, दुसऱ्यात पिळायचं. आठवड्यातून एकदा नळ यायचा. त्या दिवशी पिंपं, हंडे, बादल्या भरून घ्यायच्या, मग मशीनमध्ये तांब्या-तांब्याने पाणी ओतायचं. एवढ्या पाण्यात घरभराचे कपडे निघायचे. नळाच्या अशाच एका दिवशी ती नुसती हुंकारत राहिली. आतली चकती फिरेना, आणि थोड्या वेळाने जळकट वास सुटला.

हे म्हणाले, "नवी घेऊ. दुकानवाला जुनी परत घेतो."

मी म्हटलं, "मोटर गेली असेल. बाकी सगळी धडधाकट आहे. मिस्त्रीला तरी दाखवू."

खरं सांगायचं तर मला नवी नको होती असंही नाही. पण त्या वर्षी घरात आधीच काहीतरी निसटत चाललं होतं. आत्याबाई विसरायला लागल्या होत्या. चहात मीठ टाकायच्या. एकदा दुपारी मला, "तू कोनाची गं?" म्हणाल्या आणि लगेच स्वतःच हसल्या. घरातल्या वस्तू आहेत तिथेच, आहेत तशाच राहाव्यात, असं मला वाटायचं. ते मात्र यांना सांगता आलं नाही. मग मी मोटर-मोटर करत बसले.

मिस्त्री पन्नाशीचे होते, दाढी पांढरी. हातगाडीवर मशीन दोरीने बांधून घेऊन गेले. दुकानात मी एकदा डोकावले तर मला धक्काच बसला. आमच्या मशीनसारख्याच मशिनी ओळीने उभ्या. तेच पांढरं अंग, तीच निळी झाकणं. तेव्हा लातुरात बाहेरगावची पोरं क्लाससाठी लोटली होती. घराघरात खोल्या काढून भाड्याने दिलेल्या, आणि बहुतेक प्रत्येक घराने तीच मशीन घेतलेली. मिस्त्रींनी खडूने कुठल्याशा खुणा केल्या होत्या.

"ओळखू येतील ना?" मी विचारलं.

"ताई, तीस साल हेच करून राहिलो. मां अपने बच्चे कू भूलती क्या?"

दहा दिवसांनी मशीन आली. मिस्त्रींनी पाणी ओतून, फिरवून दाखवली. उत्तम चालत होती. हे खूश झाले. "नव्यासारखी झाली की," म्हणाले.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मिस्त्री गेल्यावर म्हणाल्या, "ही आपली न्हाई."

यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला ठाऊक होती. आत्याबाई काही वेगळं बोलल्या की आम्ही दोघं असंच एकमेकांकडे बघायचो.

"आई, आपलीच आहे. दुरुस्त केली म्हणून आवाज बदलला."

"आवाजाचं म्हनत न्हाई मी. ही आपली न्हाई."

हे ऑफिसला गेल्यावर मी झाकण उचललं. आमच्या झाकणाला बिजागरीजवळ तडा होता. वरच्या फळीवरून माझ्याच हातून लोखंडी तवा पडला होता. या झाकणाला तडा नव्हता. पाणी सोडायच्या बटणाला मी दोरा गुंडाळलेला होता, ते हातातून घसरायचं म्हणून. इथे दोरा नव्हता. मला बरं वाटलं, आत्याबाईंचं बरोबर होतं! मग मशीन भिंतीपासून ओढून मागे बघितलं. मागच्या पत्र्यावर कुंकवाची पाच बोटं होती. दसऱ्याला आत्याबाई घरातल्या प्रत्येक यंत्राची पूजा करायच्या, शिलाई मशीन, गॅस, हीही. ती बोटं आमचीच होती.

मी तिथेच फरशीवर बसले. पुढून बघितली तर दुसऱ्याची, मागून बघितली तर आमची. तडा होता ना? दोरा मीच गुंडाळला होता ना, की आईच्या घरी नांदेडला? संध्याकाळी यांना सांगितलं तर हे शांतपणे म्हणाले, "आईचं एक वेळ समजू शकतो. आता तूही?"

चेष्टेत म्हणाले असतील. मला मात्र ते लागलं. पुढचे काही दिवस मी घरातली प्रत्येक वस्तू उचलून बघत होते. ही बादली आपलीच का? या उशीला शिवण अशीच होती का? वर्गात फळ्यावर एक गणित सोडवून झाल्यावर मला वाटलं की हे कालच सोडवलंय. मुलींना विचारायची हिंमत झाली नाही.

पुढच्या नळाच्या दिवशी पाणी तुंबलं. मी पाइप काढून झटकला तर आतून पिवळी केसांची क्लिप पडली, फुलपाखराची, लहान मुलीची. आमच्या घरात आम्ही तिघं. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत, त्यांना असल्या क्लिपचा काय उपयोग? क्लिप मी रुमालात बांधली आणि तडक दुकान गाठलं.

मिस्त्रींनी क्लिप बघितली, मशिनींकडे बघितलं, आणि स्टुलावर बसले.

"ताई, खोटं नाही बोलत. एकाच हप्त्यात तीन आल्या. तुमची मोटर जळालेली. भोकरवाल्या बाईंची मोटर, टब चांगला, पण बाकीचा पत्रा सडलेला. तिसरी होस्टेलवाल्याने फेकून दिलेली. मी म्हटलं, तिन्हीत मिळून दोन तर उभ्या करू."

"मग आमच्या घरी आहे ती कोणाची?"

ते बोटांवर मोजायला लागले. "मागचा पत्रा तुमचा. आतलं सगळं त्यांचं... झाकण बहुतेक त्यांचंच. तुमची जळालेली मोटर नवी तार भरून त्यांच्यात टाकली. आता ती कोणाची म्हणायची, हे मलाबी कळेना. पण दोन्ही चालू आहेत ना?"

मला रागवायचं होतं, पण त्यांचा चेहरा इतका गोंधळलेला होता की माझंच धैर्य गेलं. पत्ता घेतला आणि दुसऱ्या दिवशी भोकरच्या बाईंकडे गेले. एरवी घरमालकीणबाई आत्याबाईंवर लक्ष ठेवायच्या; त्या दिवशी त्या गावाला गेल्या होत्या, म्हणून आत्याबाईंनाही रिक्षात घेतलं.

बाई एका क्लासच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत राहत होत्या. माझ्याच वयाच्या. मुलगी बारावीला होती. तिच्या जेवणखाणासाठी त्या दोन वर्षं लातुरात येऊन राहिल्या होत्या. नवरा आणि सासू भोकरलाच. मशीन न्हाणीघराच्या दाराशी होती. झाकणाला तडा होता. बटणाला माझा दोरा होता, मळलेला, पण माझाच. बघून मला रडूच यायला लागलं. एवढं कशासाठी, हे तेव्हाही सांगता आलं नसतं.

मी सगळं सांगितलं. बाई ऐकत राहिल्या आणि मग भिंतीला टेकल्या.

"म्हणजे मी येडी नाही?" त्या म्हणाल्या. "हा दोरा बघून मी आठ दिवस विचार करून राहिले, की हा मी कवा बांधला? पोरीला विचारलं, तर ती म्हणे, मम्मी डिस्टर्ब करू नको. इथं आल्यापासून मला काहीच नीट आठवत नाही, ताई. सकाळी उठले की दरवाजा कोणत्या बाजूला हाय ते कळत नाही. म्हटलं, हेबी त्यातलंच असंल."

मी रुमालातून क्लिप काढून दिली. त्यांनी ती तळहातावर घेतली.

"ही तर तिची, चौथी-पाचवीतली. कव्हापासून आत पडून होती!" मग म्हणाल्या, "आता तर तिनं केस कापले. न्हाल्यावर वाळवायला टाइम जातो म्हणे. ही कशाला लावू आता?"

क्लिप त्यांनी पदराच्या टोकाला बांधली.

इतक्यात आत्याबाईंनी मशीनभोवती एक फेरी मारली, वाकून आत बघितलं आणि ठामपणे म्हणाल्या, "ही बी आपली न्हाई."

बाई आणि मी दोघी एकदम हसलो. आत्याबाई हसल्या नाहीत. त्या खाटेवर बसल्या आणि बोलायला लागल्या. "नव्या गावात समदी घरं एकासारखी. मी शेजारच्याच घरात शिरायची. घागर बी तिथंच ठिवायची. ती शेजारीन मला च्या द्यायची आन् मग म्हनायची, चला आत्या, आता तुमच्या घरी सोडते. लई दिस असं चाललं. मला अजून वाटतं, मला दुसऱ्याचंच घर दिलतं. इचारायचं कुनाला?"

त्यांनी ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती. बाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला बी असंच होतं, मावशी."

रात्री जेवताना मी यांना ते सांगितलं. हे घास तसाच धरून थांबले. "झालं होतं असं," म्हणाले. "पण ती शेजारीण आपल्या घरात शिरायची. आई तिला चहा द्यायची."

मग खरं कोणाचं? नव्या गावात गेल्यावर सुरुवातीचे काही दिवस हे रजा घेऊन आईपाशी राहिले होते, त्यांना माहीत असणार. पण आत्याबाई इतकं बारीकसारीक सांगत होत्या की तेही खोटं वाटत नव्हतं. कदाचित दोघी एकमेकींच्या घरात शिरत असतील. मी पुढे कधी उकरून काढलं नाही.

मशिनींचे भाग परत ज्याचे त्याला करायचा एक प्रयत्न आम्ही केला. मिस्त्री पाना-पेचकस घेऊन आले, आमची उघडली आणि थांबले. "ताई, हे पेच आता परत खोलले तर धरणार नाहीत. प्लॅस्टिक जुनं झालंय. दोन चालू मशिनी बंद करायच्या का?" मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "राहू द्या. माझी मोटर तुमच्याकडं, तुमची माझ्याकडं."

त्यानंतर बाई आमच्याकडे यायला लागल्या. त्यांच्याकडे नळ सोमवारी यायचा, आमच्याकडे गुरुवारी. पाण्याची अडचण असली की बाई आमच्याकडे कपडे आणायच्या, आणि मी शाळेत असले की आत्याबाईंजवळ बसायच्या. हळूहळू मला कळलं की आत्याबाई त्यांना नव्या गावातली शेजारीण समजत होत्या. "तुझी म्हैस व्याली का?" असं विचारायच्या. बाई एकदाही "मी ती नव्हे" म्हणाल्या नाहीत.

"व्याली ना, रेडी झाली," म्हणायच्या.

मला ते बरोबर वाटायचं नाही. एकदा स्वयंपाकघरात बोलावून मी म्हटलं, "असं खोटं कशाला सांगता? डॉक्टर म्हणतात, नीट आठवण करून द्यावी."

बाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "ताई, दिवसभर मला कुणी काही विचारत नाही. पोरगी येते, जेवते, दार लावते. भोकरहून फोनवर मालक इचारते, मार्क किती पडले. मावशी एकट्याच इचारतात, म्हैस व्याली का. मग मी काय सांगू?"

 डॉक्टर चुकत होते की मी, की त्या, हे आजही मला ठरवता येत नाही. एवढं मात्र खरं, की त्या येऊन गेल्या की आत्याबाई जेवायच्या. एरवी ताट पुढ्यात तसंच पडून राहायचं.

मुलीचा निकाल लागला. मेडिकलला नंबर लागला नाही. मला वाटलं बाई कोलमडतील, पण त्या वरण-भाताचा डबा घेऊन आमच्याकडे आल्या आणि नेहमीसारख्या बसल्या. मुलगी पहिल्यांदाच बरोबर होती. कापलेले केस मानेपर्यंत वाढलेले. ती आत्याबाईंच्या पायाशी बसली आणि एकाएकी रडायला लागली. आत्याबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडू नगं. घर सापडंल. ही सोडती की तुला." आणि त्यांनी बाईंकडे बोट दाखवलं.

आठ दिवसांनी त्यांचं सामान टेम्पोत चढलं. मुलीने नांदेडला बीएस्सीला नाव घातलं होतं. मशीन चादरीत गुंडाळून मागे बांधली होती. बाई आत्याबाईंच्या पाया पडल्या. मला म्हणाल्या, "भोकरला या एकदा. नांदेडहून काय, दीड तास."

"येईन," मी म्हटलं.

मी गेले नाही. वर्षातून दोनदा माहेरी नांदेडला जायची. स्टँडवर भोकरची गाडी लागलेली दिसायची, पाटीवरचं नाव वाचायची आणि माझ्या गाडीकडे वळायची. का, ते सांगता येत नाही. कदाचित त्यांच्या घरी जाऊन म्हैस खरंच आहे की नाही, हे जाणून घ्यायची मला भीती वाटत असेल. कदाचित नुसता आळस.

आत्याबाई त्यानंतर सव्वा वर्ष होत्या. शेवटी शेवटी त्यांना माझंही नाव आठवत नव्हतं. एका दुपारी मी शाळेतून आले तर त्या पलंगावर उठून बसलेल्या. माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. पलंगाची कड थोपटत म्हणाल्या, "आलीस? बस, बस. तुझी म्हैस कशी हाय?"

मी पर्स खुंटीला अडकवली आणि त्यांच्याजवळ बसले.

"चांगली आहे," मी म्हटलं. "दोन्ही वेळा दूध देते."