यंदा कोपीचं तोंड सडकेकडं

माझी मोठी जाऊ मल्लम्मा फार शहाणी बाई आहे, असं सगळं गाव म्हणतं. मी अर्धं आयुष्य तिच्या हाताखाली काढलं आहे, म्हणून मी तसं म्हणत नाही. शहाणी बाई कोरं बिंदगं घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, उदगीरहून नांदेडला एसटीनं जात नाही. गेलीच, तर सोबत मला ओढत नेत नाही.

बिंदगं म्हणजे येळवसच्या आंबिलीचा मातीचा घडा. आमच्या लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवसला, घरंच्या घरं शेतात जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, ताकाची आंबील असं पोट फुटेस्तोवर जेवायचं. आंबिलीचं बिंदगं चुन्यानं आणि तांबड्या कावेनं रंगवून घरातल्या माणसानं डोक्यावरून शेतात न्यायचं. इतर घरांत बायका चार रेघा, चार ठिपके ओढून मोकळ्या होतात. अक्कानं, म्हणजे मल्लम्मानं, ते काम पोरांना देऊन टाकलं होतं.

तिचं सगळंच तसं. पोळ्या लाटायला बसली की आधी प्रत्येक पोराला कणकेचा गोळा. झंपर बेतलं की उरलेल्या चिंध्या पोरांच्या. मग घरभर पिठाचे उंदीर आणि चिंध्यांच्या बाहुल्या, आणि झाडायला कोण, तर मी! कुणी काही करून आणलं तर "हे काय केलंस?" असं ती विचारायची नाही, आणि "असं नाही, तसं" हेही तिच्या तोंडात नव्हतं. वर तिनं एक नियम घालून ठेवला होता. पोरं बिंदग्यावर जे काढतील, ते त्या येळवसला शेतात करायचं.

एका वर्षी तिच्या लेकीनं, सुकन्यानं, पाचाऐवजी सहा पांडव काढले. महादेवप्पा भाऊजी, म्हणजे अक्काचे यजमान, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून सगळं रीतीनं करणारा माणूस. ते म्हणाले, "अगं येडे, पांडव पाच असत्यात. सहावा कोण?"

"सहावी मी," सुकन्या म्हणाली. ती तेव्हा परकरात होती.

अक्का उठली, बांधावरून एक दगड आणला आणि चुन्यात बुडवला. त्या वर्षी भाऊजींनी सहा दगडांची पूजा केली, पण दिवसभर पुटपुटत होते.

बिंदग्यावर प्रत्येक पोराची आपली बाजू ठरलेली. माझी दोन पोरं काढायची ते बैल डुकरासारखे दिसायचे. आता दोघांना मिशा आल्या तरी येतात आणि तसेच बैल काढतात. सुकन्या नांदेडला दिली आणि तिची बाजू मात्र कोरी राहू लागली. लातूर जिल्ह्याला येळवसची सुट्टी असते. नांदेडात ती ज्या पतसंस्थेत कामाला आहे, तिथं तो साधा वार. दर वर्षी फोनवर एकच, "पुढच्या येळवसला नक्की येते गं आई." आणि दर वर्षी भाऊजींच्या डोक्यावर अर्धंच रंगवलेलं बिंदगं. लोक विचारतात, "काव सरली काय?" भाऊजी हसून पुढं जातात. अक्काला हसू येत नाही. त्या कोऱ्या जागेला ती दुसऱ्या कुणाला बोट लावू देत नाही.

यंदा ती म्हणाली, "लेक येत न्हाई तर बिंदगं जाईल."

बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय त्यात?"

"काय न्हाई. रिकामं हाय."

"मंग एवढं जपून का धरून राहिल्या?"

अक्कानं घोंगडी आणखी वर ओढून घेतली.

सुकन्या संध्याकाळी कामावरून आली. दारात आईला पाहून तिनं पर्स खाली टाकली आणि गळ्यातच पडली. चहापाणी झालं. मग स्वयंपाकघरातल्या फरशीवर पेपर अंथरून अक्कानं वाटीत काव कालवली. सुकन्यानं बोट बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं.

"आई, काय काढू?"

मला फार वाईट वाटलं. भिंत दिसली की कोळसा शोधणारी ही पोर! अक्का वाटीतली काव परत ढवळू लागली. तिनं हा प्रश्न कधी ऐकलाच नव्हता, उत्तर कुठून देणार? मीच खेकसले, "काढ की कायबी. बोट हाय न्हवं तुला?"

मग तिनं आमचं शेत काढलं. एका अंगाला विहीर, दुसऱ्या अंगाला सडक, सडकेवर लाल बस. मधे कोपी काढताना हात थांबला.

"कोपीचं तोंड विहिरीकडं असतंय का सडकेकडं?"

आमच्या कोपीचं तोंड कायम विहिरीकडं, उगवतीला. त्या तोंडातून ही रांगत आत-बाहेर करायची. मी सांगायला तोंड उघडलं, तर अक्कानं माझा गुडघा दाबला. सुकन्यानं थोडा विचार केला आणि तोंड सडकेकडं केलं.

"बरोबर हाय ना?"

"हाव," अक्का म्हणाली आणि काव वाळावी म्हणून फुंकर घालू लागली.

परतीच्या बसमध्ये ती रडली. "उमा, माझ्या लेकीला आपली कोपी इसरली गं." मी तिच्या मांडीवरचं बिंदगं माझ्या मांडीवर घेतलं. उदगीरला उतरल्यावर तिनं भाऊजींना फोन लावला. "यंदा कोपीचं तोंड सडकेकडं करा."

"येड लागलं का? रीत हाय काय ती?" एवढ्या मोठ्यानं, की मला ऐकू आलं.

"बिंदग्यावर तसं काढलंय."

"कुणी?"

"सुकन्यानं."

भाऊजी म्हणाले, "बरं."

येळवसला भाऊजी बिंदगं घेऊन निघाले, तेव्हा कावेचं कुणी विचारलं नाही. कोपीच्या तोंडाशी बसून अक्का आंबील वाढत होती. सडकेवर बस थांबली की तिचा हात थांबायचा. भाऊजीही उगाच उठून उभे राहायचे. सुकन्या येणार नाही हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ती आली नाही.

दिवस कलला. भांडी गाडीत चढली. कडबा जनावरांना न्यायचा म्हणून भाऊजींनी कोपीची पहिली पेंढी ओढली.

"मोडू नका," अक्का म्हणाली.

"अगं, उद्या जनावरं काय खातील?"

"राहू द्या. रविवारी नांदेडलाबी सुट्टी असती."

भाऊजींनी पेंढी होती तिथं परत लावली आणि वरची दोरी आणखी आवळून बांधली.