पिठावरचा क्रूस

नाताळच्या पावाचं पीठ मळून झालं आणि मी नेहमीप्रमाणे तळहाताच्या कडेनं त्यावर क्रूस उमटवला. ओट्याला टेकून उभी असलेली भाची म्हणाली, “आत्या, हे बायबलमध्ये कुठं लिहिलंय गं?”

“आई करायची,” मी म्हणाले.

“हे उत्तर नाही झालं.”

नाहीच झालं. पीठ झाकून ठेवलं, पण मन जागेवर राहीना. लिहिलेलं तेवढंच खरं धरायचं, तर ते मला पहिल्यांदा ऐकवलं कुणी? वाचता येण्याआधी येशू माझ्या घरात आला तो आईच्या याच पिठाळलेल्या हातांमधून. पण हातांना नुसती सवयही लागते, आणि सवयीला श्रद्धा म्हणून खपवणं फार सोपं असतं.

शेवटी हात धुतले आणि फडताळातलं बायबल काढलं. बघूच म्हटलं, सापडतंय का. उघडणार एवढ्यात माझा अंगठा आपसूक कपाळावर, ओठांवर, छातीवर छोटे क्रूस काढून आला, चर्चमध्ये बायबलमधलं शुभवर्तमान वाचलं जाताना ते ऐकण्याआधी आम्ही काढतो तसे.

भाची बघत होती. “आणि हे?” तिनं विचारलं.

पुस्तक माझ्या हातात मिटलेलंच राहिलं.