पडलेल्या कारखान्यापासून दोन चौक

ओनेइदा देल कार्मेन उर्बिना तेर्सेरो. जन्म १९६४, मृत्यू २०२१, दोन्ही मानाग्वातच. एका धर्मादाय औषधालयाच्या संकेतस्थळावर औषधांसाठी येणाऱ्या अर्जांच्या पडताळणीचे नियम लिहिणे, हे तिचे अखेरच्या वर्षांतील काम. चुकीची माहिती दारातच अडवावी, हा तिचा बाणा.

पत्त्यासाठी तिने रस्त्याचे नाव आणि घरक्रमांक सक्तीचे केले. नियम परदेशी नमुन्यावरून उचललेला. मानाग्वात पत्ता खुणेवरून सांगतात, आपल्या स्वतःच्या घरालाही क्रमांक नाही, याचे भान तिला राहिले नाही. ते आणून दिले समोरच्या घरातल्या वृद्ध इलारिओंनी.

“पोरी, तुझा अर्ज म्हणतो मला घरच नाही! इन्सुलिन उद्यापुरतंच उरलंय.”

“काय लिहिलंत, बाबा?”

“जिथं बर्फाचा कारखाना होता, तिथनं दोन चौक तळ्याकडं, अर्धा चौक वर. आणखी काय लिहिणार?”

“अहो, तो कारखाना भूकंपात पडला. मी शाळकरी होते तेव्हा!”

“पडला म्हणून काय जागा सोडून पळाला?”

ओनेइदाने नियम बदलायचे ठरवले. औषधालयाचे व्यवस्थापक रेनातो मात्र बधेनात.

“उद्या कुणी काहीही लिहील, बाई. औषध काय तळ्यात टाकायचं?”

“म्हणून तर तपासायचं, साहेब. फक्त आपल्या गावाच्या रीतीनं.”

तिने पत्त्याचे रकाने नव्याने आखले: खूण, तिथून किती चौक, दिशा. दिशा चारच, गावात बोलतात तशा: तळ्याकडे म्हणजे उत्तरेला, दक्षिणेकडे, वर म्हणजे पूर्वेला, खाली म्हणजे पश्चिमेला. औषध पोहोचवणाऱ्यांना ठाऊक असलेली खूण, उभी असो वा पडलेली, यादीत घालून ग्राह्य. अनोळखी खूण असल्यास अर्ज नाकारायचा नाही. स्वीकारून अर्जदाराला फोन करायचा. दुसऱ्या दिवशी पहिला अर्ज इलारिओंचा गेला आणि दुपारच्या जेवणाआधी मोटारसायकल त्यांच्या दारात उभी राहिली.

“कारखाना सापडला का रे?” त्यांनी स्वाराला विचारले.

“न सापडायला काय झालं, आजोबा? तिथंच तर वळलो!”

ओनेइदाच्या पश्चात तिचे घर पाडण्यात आले. इलारिओंनी पुढच्या अर्जात खूण बदलली: “जिथं ओनेइदा राहायची, त्याच्या समोर.” अर्ज अडला नाही. औषधालयातून फोन आला, त्यांनी समजावून सांगितले, खूण यादीत चढली. दिशा चुकीची भरल्यास पडद्यावर झळकणारी लाल सूचना मात्र अजून जुन्याच दरडावणीच्या भाषेत आहे. ती सौम्य करण्याचे ओनेइदाने योजले होते; तेवढे राहून गेले आहे.